गरनाळ्याची वाट

मित्रांनो, खंडेनवमीच्या सकाळी झेंडूचा हार घेऊन कोणी माझ्यासमोर उभे राहिले, की माझ्या चाकांतील एकेक तार रागाने ताठ होते. पूजा स्वीकारताना रागावणारी ही कोण, असे तुमच्या मनात येईल. सांगते. सुरतेच्या डिंडोली भागात एका खोलीच्या भिंतीला टेकून उभी असलेली, रंग उडालेली, पुढच्या चाकाने किंचित लंगडणारी मी एक जुनी सायकल आहे. माझ्या रागाला कारण आहे, आणि ते कारण देव नव्हे. देवाविषयी माझ्या मनात कधीही अनादर आला नाही. वाट अडवून मांडलेल्या देवाविषयी मात्र मला बोलायचे आहे. तुम्ही लहान आहात, तुमच्या वाटा अजून तुमच्यापुढे आहेत, म्हणून तुमच्याशीच बोलायचे आहे.

माझा जन्म लुधियान्याच्या एका कारखान्यात झाला. अग्नीतून निघालेल्या नळ्या जोडून माझा देह घडला, त्यावर काळाभोर रंग चढला, आणि मालगाडीच्या डब्यात पेंढ्यात गुंडाळलेली मी सुरतेच्या उधना भागातील एका दुकानात येऊन उभी राहिले. तेथे राघोने मला निवडले. राघो हा खानदेशातून आलेला विणकर. पांडेसऱ्याच्या एका कारखान्यात तो माग चालवीत असे. विजेच्या मागावर दिवसभर उभे राहायचे, तुटलेला धागा चिमटीत पकडून क्षणात गाठायचा आणि कापड पुढे जाऊ द्यायचे, हे त्याचे काम. त्याने मला घरी आणले तेव्हा त्याची बायको सरलाबाई हिने उंबऱ्यात पाणी टाकून माझ्या दोन्ही चाकांना हळदकुंकू लावले. त्या पूजेचा मला अभिमान वाटला होता. ती पूजा वाटेला लावण्यासाठी होती, अडवून ठेवण्यासाठी नव्हती.

डिंडोलीहून पांडेसऱ्याला जायचे म्हणजे मुंबईकडे जाणारा लोहमार्ग ओलांडावा लागे. फाटक लागले की एकामागून एक गाड्या जाईपर्यंत सारे तिष्ठत उभे. फाटक उघडले की सगळ्यांची एकच झुंबड. पुढे हमरस्ता. मित्रांनो, त्या हमरस्त्याचे नाव काढले तरी माझी साखळी कुरकुरते. कापडाच्या ताक्यांनी भरलेले टेम्पो, वाळूचे ट्रक, रात्रभर धावून डोळे तारवटलेल्या चालकांच्या आरामगाड्या, सारे आमच्या कानांपाशी भोंगे फुंकत जात. आम्हा सायकलींसाठी त्या रस्त्यावर होते तरी काय? डांबर जिथे संपते आणि खडी जिथे सुरू होते, तेवढी एक कुरतडलेली कड. त्या कडेवरून शेकडो माणसे पोटासाठी रोज ये-जा करीत, आणि रस्ता आखणाऱ्या कोणाच्याही मनात ती माणसे कधी आली नव्हती. भोंग्याच्या आवाजात मला नेहमी एकच वाक्य ऐकू येई, बाजूला हो. अरे, बाजूला होऊन जायचे कुठे? बाजूला तर गटार होते.

राघो भित्रा नव्हता, पण विचारी होता. उशीर झाला की मालक त्याचे माग त्या दिवसापुरते बदली माणसाला देई, आणि घाई केली तर हमरस्ता गिळायला बसलेला. म्हणून त्याने मनाशी ठरविले की दुसरी वाट शोधायची. कारखान्याची आठवड्याची सुट्टी आली, की तो मला पुसून, चाकांत हवा भरून बाहेर काढी. सरलाबाई चुलीपाशी बसून म्हणे, "सुट्टीना दिवस बी तिलेच लई चालनात! मंग भाकर बी तीच भाजी दी तुमले."

"ती भाकर भाजत नही," राघो हसून म्हणे, "पन मी संध्याकायले घर येसू, याना भरोसा देस."

त्याच्या शेजारच्या मागावर मारुती नावाचा मराठवाड्यातला माणूस काम करी. अंगाने आडवा, तोंडाने फटकळ. त्याने एकदा राघोला खाडीकाठच्या झुडपांतून मला ढकलीत येताना पाहिले आणि तिथूनच ओरडला, "आरं राघो, सुट्टीच्या दिशी मानसं झोपतेत. तू काटंकुटं हुडकत फिरायलास! कुनी हंडा पुरून ठिवलाय का तिकडं?"

"हंडा नही रे. जीव वाचाडानी वाट शे."

"घावली का मग?"

"अर्धी."

त्या अर्ध्या वाटेची दुसरी अर्धी मिळायला बरेच दिवस लागले. एक वाट गिरणीच्या भिंतीपाशी जाऊन संपली, तेथून आम्ही परत फिरलो. दुसरी एका वसाहतीच्या अंगणातून जात होती, तिथल्या कुत्र्यांनी आम्हाला दोनदा पळविले. तिसरी उन्हाळ्यात सुरेख होती आणि पावसाळ्यात खाडीच्या पोटात गेली. सुरतेत ओढ्याला खाडी म्हणतात, आणि त्या खाड्यांत पाण्यापेक्षा कापडगिरण्यांचा रंगच अधिक वाहतो. जांभळ्या पाण्यात माझे मडगार्ड बुडवून राघो परत आला, की सरलाबाई मला धूत असे आणि त्याला बोलत असे. मला धुताना तिचा हात हळू असे, त्याला बोलताना जीभ नसे.

अखेर वाट सापडली. लोहमार्गाखालून पाणी जाण्यासाठी बांधलेली एक दगडी मोरी होती. अशा मोरीला इथले लोक गरनाळे म्हणतात. त्यातून एका कडेने दगडी पाळ गेलेली, पावसाळ्यातही पाण्याच्या वर राहणारी. सायकलवरून उतरावे, मान लववावी, मला हाताशी धरावे आणि रुळांच्या खालून पलीकडे निघावे. वरून गाडी धडधडत जाई तेव्हा त्या अंधाऱ्या गारव्यात माझ्या तारा वीणेसारख्या थरथरत. बाहेर पडताच एक बाभूळ. तिच्या डावीकडची वाट रुंद आणि मोहक, पण चिखलात नेऊन सोडणारी. उजवीकडची अरुंद, पण कोरडी. ती गिरण्यांच्या मागील भिंतींच्या सावलीतून थेट पांडेसऱ्याला पोहोचविणारी. भोंगा नाही, धूर नाही, फाटक नाही.

मित्रांनो, पूर्वीच्या ऋषींनी वाटांचा राखणदार म्हणून पूषा नावाचा एक स्वतंत्र देव मानला होता. गायी चुकू नयेत, प्रवासी सुखरूप पोहोचावा, एवढेच त्या देवाकडे मागायचे. त्या दिवशी गरनाळ्यातून उजेडात येताना मला वाटले, देवाला राहण्यासाठी एवढी जागा पुरे आहे. नीट गेलेली, कोणाचा जीव न घेणारी एक वाट. तिला मूर्ती नको, कळस नको.

वाट सापडली, पण ती दुसऱ्याला सांगायची कशी? बाभळीपाशी येऊन माणूस हमखास डावीकडे वळे आणि गुडघाभर चिखलात रुते. मारुती पहिल्याच दिवशी रुतला आणि त्याने राघोच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. तेव्हा राघोने घरी येऊन सरलाबाईजवळ एक चिंधी मागितली. तिचे एक हिरवे लुगडे जुने होऊन गोधडीत जायच्या वाटेवर होते. त्याचा तांबडा काठ, मधून पिवळी रेघ असलेला. तिने तो फाडून दिला. राघोने बाभळीच्या उजव्या फांदीला, मागावर तुटलेला धागा जोडताना मारतात तशी बारीक घट्ट गाठ मारून ती चिंधी बांधली. मग तो कारखान्यात ज्याला त्याला सांगत सुटला, "जठे चिंधी, तठे वळ."

ते शब्द पसरले. सकाळ-संध्याकाळ गरनाळ्यातून सायकलींची रांग निघू लागली. कोणी डिंडोलीचे, कोणी त्याच्याही पलीकडच्या वस्तीतले. वारा-पावसात पहिली चिंधी मळली, म्हणून कोणी दुसरी बांधली. नव्या माणसाला दिसावे म्हणून कोणी तिसरी बांधली. कारखान्यातून साडीच्या कडांची रंगीत कातरण फुकट मिळे, तीच सारे वापरीत. माझ्या आयुष्यातील तो सुखाचा काळ. राघो वेळेवर पोहोचे, अंधार पडण्यापूर्वी घरी येई, आणि मारुती माझ्या सीटवर थाप मारून म्हणे, "ही हाय का नुसती सायकल? ही वाटाडी हाय वाटाडी!" ती स्तुती मी अजून जपून ठेवली आहे. हाराची स्तुती मला आठवतही नाही.

पुढे चौऱ्याण्णव साली, गणपती विसर्जनाच्या सुमारास, सुरतेत रोगाची साथ आली. प्लेगचे नाव कानावर पडताच माणसे मिळेल त्या गाडीने गावाकडे निघाली. राघो आणि सरलाबाई मला खोलीत कुलूप लावून खानदेशात गेली. अंधारात उभी राहून मी रस्त्याचा आवाज ऐकत असे, आणि आवाजच येत नसे. भोंगा नसलेली सुरत मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. ती शांतता मला भोंग्याहून भयंकर वाटली.

माणसे परतली ती मनात भीती घेऊन. आपण वाचलो, पण का वाचलो, हे कोणालाच ठाऊक नव्हते. ज्याला कारण सापडत नाही त्याला कोणाचे तरी आभार मानायचे असतात. गरनाळ्यातून बाहेर पडताच समोर चिंध्यांनी भरलेली बाभूळ दिसे. आमच्या माणसांच्या गावाकडे घाटाच्या तोंडाशी चिंध्यादेव असतो. प्रवासी आपल्या वस्त्राची एक चिंधी तेथील झाडाला बांधतो आणि सुखरूप जाऊ दे म्हणून हात जोडतो. मग ही चूक आमच्याच माणसांच्या हातून घडणार होती, दुसऱ्या कोणाच्याही हातून घडली नसती. नव्याने आलेल्यांना ती वाटेची खूण वाटलीच नाही. त्यांना तो चिंध्यादेव वाटला. कोणीतरी खोडाला शेंदूर लावला. कोणीतरी नारळ फोडला.

तो नारळ फुटला त्याच संध्याकाळी करवंटीची अणकुचीदार कपची माझ्या मागच्या चाकात घुसली. माझ्या रागाचा आरंभ तेथे झाला.

राघो खाली बसून टायर उघडू लागला. समोर सखारामदादा उभे होते. तेही खानदेशचेच. पूर्वी मागावर होते, आता वाटेच्या तोंडाशी त्यांचे किराण्याचे दुकान होते. भजनी मंडळाचे ते प्रमुख, आवाज गोड, मन श्रद्धाळू. दुष्ट माणूस नव्हे, हे मी आधीच सांगून ठेवते. वाट बंद करायला दुष्टपणा लागतच नाही.

"दादा," राघो म्हणाला, "हाऊ देव नही शे. मी बांधेल चिंधी शे ती. वळाले समजाले पायजे म्हनीसन."

"तू बांधी व्हई," सखारामदादा शांतपणे म्हणाले. "पन तुले बांधाले कोनी सांगं?"

"चिखलनी सांगं, दादा."

भोवतालचे सारे खो खो हसले. मारुती तर हँडलवर ओणवा होऊन हसला. सखारामदादा हसले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "हसा. हसनाराले देव लवकर वळखस."

ते वाक्य मित्रांनो, लक्षात ठेवा. ते पुढे पुन्हा येणार आहे.

वर्षभरात बाभळीचे नाव चिंध्याबाबा पडले. खंडेनवमीला साऱ्यांनी आपापल्या सायकली तेथे पूजेला आणल्या. मलाही आणले. झेंडूचा हार, हळदकुंकू, हँडलावर लिंबू. सरलाबाईने माझ्यापुढे उदबत्ती लावली. आणि त्या हारांच्या, घंटांच्या, आरतीच्या मागे मी पाहिले, की विटांचा ढीग पडला आहे. लोकांनी वर्गणी काढून ओटा बांधायचे ठरविले होते. ओटा कुठे? बाभळीच्या उजव्या अंगाला. म्हणजे बरोबर त्या अरुंद, कोरड्या वाटेवर. मी ओरडू शकत असते तर ओरडले असते. माझ्याजवळ एक घंटी होती, आणि तिच्यावर त्या दिवशी फूल ठेवलेले होते.

ओटा झाला. ओट्यावर माणसे चपला घालून चढतात म्हणून लोखंडी कठडा झाला. कठड्याला फाटक झाले. फाटकावर पाटी लागली, गुजरातीत आणि मराठीत, "पवित्र जागा. सायकल आत आणू नये." ज्या सायकलींसाठी चिंधी बांधली गेली, त्याच सायकलींना त्या चिंधीने हाकलले. पूर्वी लोक म्हणत, जठे चिंधी, तठे वळ. आता आई लेकराला शिकवू लागली, जठे चिंधी, तठे थांब आनि हात जोड. एका शब्दाचा फेर पडला आणि आमची वाट गेली.

तुम्ही विचाराल, राघो का बोलला नाही? बोलला. पण ज्यांच्याशी बोलायचे ते सारे आपलेच होते. शेजारी, भाऊबंद, लग्नकार्यात पंगतीला बसणारे. आणि देवाच्या दारात मोठ्याने बोलणारा माणूस आपोआप वाईट दिसतो. मारुती म्हणाला, "राघो, आपुन दोघं हातोडी घिऊन जाऊ." राघो म्हणाला, "नको. सरलाना बी हात जोडाई जातस तठे." मग सारी रांग मुकाट्याने पुन्हा हमरस्त्यावर गेली. मीही गेले. माझ्या हँडलाला सुकलेला हार अजून लोंबत होता.

मित्रांनो, आता जे सांगते ते थोडक्यात सांगते, कारण लांबवण्याची माझी तयारी नाही. सकाळची वेळ होती. मागून कापडाच्या ताक्यांनी भरलेला टेम्पो आला. त्याने भोंगा वाजविला. राघो बाजूला झाला. बाजूला जितके होता येत होते तितका तो झाला. टेम्पोबाहेर आलेल्या ताक्याने त्याचा खांदा लोटला, आणि आम्ही दोघे खडीवर पडलो. मागचे चाक राघोच्या पायावरून गेले आणि माझ्या पुढच्या चाकावरून गेले. टेम्पो थांबला नाही. थांबले ते मागून येणारे सायकलवाले, ज्यांना, गरनाळ्याची वाट उघडी असती तर, त्या दिवशी तिथे असण्याचे काही कारणच नव्हते.

राघो वाचला. पाय राहिला, पण आखूड राहिला, आणि गुडघ्यात वाकेनासा झाला. मागावर उभे राहणे संपले.

खोलीत भेटायला येणारी माणसे चहा पीत आणि हळू आवाजात एकमेकांना सांगत, की याने देवाची थट्टा केली होती. चिखलाने सांगितले, असे म्हणाला होता. हसणाऱ्याला देव लवकर ओळखतो, हे सखारामदादांनी तेव्हाच बजावले होते. शेजारच्या शोभाने सरलाबाईला सांगितले, "माय, एक चिंधी बांधी ये. त्यास्ना अंगवरला कपडानी. काय जास आपलं?"

भिंतीला टेकलेल्या माझ्या वाकड्या चाकात तेव्हा जो राग भरला, तो आजवर उतरलेला नाही. टेम्पोने पाय मोडला तो क्षणभरात. या माणसांनी तोच पाय दिवसेंदिवस मोडला. रस्ता नसल्याचा दोष रस्त्याला नाही, टेम्पोला नाही, ओट्याला नाही. दोष पडलेल्या माणसाला! त्याच्या एका विनोदाला!

सरलाबाई भाविक होती. तिने राघोच्या फाटलेल्या विजारीची एक पट्टी काढली. मला दुरुस्त करून आणल्याचा तो पहिला दिवस होता. चाक सरळ केले होते, पण लंगडत होते. येताना रॉकेलचा डबा कॅरिअरवर आणायचा, म्हणून तिने मला सोबत घेतले आणि हाताने ढकलीत बाभळीपाशी नेले. कारखाने सुटण्याची वेळ होती. दर्शनाला माणसे होती, आणि ओट्याच्या अलीकडे, राघो पडल्यापासून सायकली सोडून पायीच घरी जाणाऱ्यांची गर्दीही होती.

ओट्यावर बसलेले सखारामदादा म्हणाले, "सरलाबाई, सायकल बाहेर लावा. पाटी दखी नही का?"

तिने मला कठड्याला टेकविले आणि ती आत गेली. पट्टी बांधायला मोकळी फांदी शोधू लागली. वरच्या चिंध्या ताज्या होत्या. त्यांच्या खालच्या मळलेल्या. तिने त्या बाजूला सारल्या. अगदी आत, सालीत रुतून बसलेली एक चिंधी तिच्या बोटांना लागली. रंग उडाला होता, पण तांबड्यामधली पिवळी रेघ अजून होती. आणि गाठ. तुटलेल्या धाग्याची, बारीक, घट्ट. तशी गाठ तिच्या घरात एकच माणूस मारीत असे. तिच्या पोलक्याची नाडी, कपडे वाळवायची दोरी, माझ्या कॅरिअरवरचा दोर, सारे त्याच गाठीने बांधलेले.

तिने हातातली पट्टी कमरेला खोचली. मग वळली. तिचा आवाज मी इतकी वर्षे ऐकत आले होते, पण असा कधी ऐकला नव्हता.

"दादा, पाटी बी दखी, आन हाऊ काठ बी दखा. हाऊ मना लुगडाना काठ शे. मी फाडी दिन्हा. त्यास्नी बांधा."

"व्हई," सखारामदादा म्हणाले. "पन आते तो देवना शे."

"असं का? मना लुगडाना काठ तुमना देव व्हयना. मंग मी कोन?"

गर्दीत शोभा उभी होती. तिच्या तोंडून सहज निघून गेले, "मंग तू देवनी माय!" आणि तिने लगेच तोंडावर पदर धरला.

"आयकं का, दादा?" सरलाबाई म्हणाली. "देवनी माय शे मी. मना पोऱ्या वाट आडाईसन बठेल शे. लोक तिकडे गाडीखाल मरी ऱ्हायनात, आन हाऊ हार घालीसन बठेल शे! असा पोऱ्याले माय काय करस? कान धरस आन बाजूले बसाडस."

कोणी हसले, कोणी चपापले. मारुती गर्दीतून पुढे आला. त्याच्या खिशात मागाचा पाना होता. तो कोणाची परवानगी न मागता कठड्याच्या पहिल्या नटाशी बसला. "आक्का," तो सरलाबाईला म्हणाला, "तू देवाची माय, म्हंजी मी देवाचा मामा. भाच्याच्या घरचा नट ढिला करायला मामाला कोन आडवतंय, बघू."

"आरे थांबा," सखारामदादा कळवळून म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, खरी भीती होती. "देवले चाली का हाई?"

"देवले नका इचारू, दादा," सरलाबाई म्हणाली. "त्यास्ना पायले इचारा."

सखारामदादा उठले, फाटकापाशी गेले आणि त्यांनी ती पाटी स्वतःच्या हाताने उतरवून काखेत धरली. मी त्यांना त्या क्षणापुरती क्षमा केली. पुढच्या क्षणी मला राघोचा पाय आठवला आणि मी ती परत घेतली.

कठडा त्या संध्याकाळी निघाला. उजव्या बाजूचा ओटा पुढच्या सुट्टीत फोडला गेला, आणि निघालेल्या विटा गरनाळ्याच्या पाळीवर, जिथे दगड निखळले होते तिथे बसवल्या. बाभूळ आहे, चिंध्या आहेत, शेंदूरही आहे. लोक हात जोडतात, पण जोडून पुढे निघतात. सरलाबाईने आपला काठ सोडवून घेतला नाही. ती म्हणाली, राहू दे, कुठे वळायचे ते कळते.

म्हणून सारे गोड झाले, असे समजू नका. आता सुरत झाडून पुसून लखलखीत झाली आहे, रस्ते रुंद झाले आहेत, आणि प्रत्येक रुंद रस्त्यावर सायकलीची कड पूर्वीहून अरुंद झाली आहे. गिरण्यांच्या मागील भिंती पुढे सरकतात. मोकळ्या जागेवर एके सकाळी तारा लागतात. अर्धी वाट इथे जाते, अर्धी तिथे, आणि जाताना कोणी विचारीत नाही, की इथून कोण जात होते. वाट कागदावर नसते, ती पायांत आणि चाकांत असते. म्हणून तिला मारणे फार सोपे आहे.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. मला हार घालू नका. घालायचाच असेल, तर आधी वाटेवर फुटलेल्या नारळाच्या कपच्या उचला. तुमच्या दारातून एखादी जुनी पायवाट जात असेल, तर कुंपण घालण्यापूर्वी एक सकाळ तिथे उभे राहा आणि तिच्यावरून कोण जाते ते पाहा. जाणाऱ्याचा जीव त्या वाटेवर टांगलेला असतो, आणि हे तो तुम्हाला कधी सांगणार नाही. राघोने सांगितले, तेव्हा साऱ्यांनी ते हसण्यावारी नेले होते.

राघो आता पांडेसऱ्यालाच बसून करायचे काम करतो. बॉबिनवर धागा भरण्याचे. पायडल मारणे त्याला जमत नाही. रोज सकाळी तो माझ्या कॅरिअरवर बसतो, ताठ पाय बाजूला लांब करून, आणि सरलाबाई मला हाताने ढकलीत नेते. अशी सायकल हमरस्त्यावरून नेता येत नाही. ती फक्त गरनाळ्यातूनच जाऊ शकते. मोरीत तिघेही मान लववतो. बाहेर पडले की बाभळीखाली दर्शनाची माणसे वाटेवर उभी असतात, आणि मागून सायकलवर येणारा मारुती रोज न चुकता आरोळी ठोकतो,

"वाट सोडा रं, देवाची माय आली!"

माणसे हसतात आणि बाजूला होतात. मग सरलाबाई माझ्या घंटीवर अंगठा ठेवते. त्या घंटीवर आता कोणीही फूल ठेवीत नाही.